पस्तीस रात्री आणि तीन सदस्यत्वे

प्रश्न : यंत्रसामग्री बनवणाऱ्या कंपनीच्या विक्री विभागात असल्याने वर्षाकाठी माझ्या सुमारे 35 रात्री चेन्नई, गुरुग्राम आणि हैदराबादच्या हॉटेलांत जातात. मॅरियट, हयात आणि अकोर या तिन्ही समूहांचा मी सदस्य आहे. पण पॉइंट तिन्हीकडे थोडे थोडे साचतात आणि हाती काहीच लागत नाही. यांपैकी कोणता लॉयल्टी प्रोग्रॅम धरून ठेवावा?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : 35 रात्री तिघांत वाटल्या की प्रत्येकाच्या वाट्याला अकरा-बारा येतात आणि त्यांतून मिळते ती सदस्यत्वाची 10 रात्रींची पहिली पायरी, जिचे मोल स्वागतकक्षातल्या हसऱ्या नमस्काराहून फारसे अधिक नाही. त्याच रात्री एका समूहात घालवल्यास मॅरियटमध्ये 25 रात्रींची किंवा अकोरमध्ये 30 रात्रींची गोल्ड पायरी गाठता येते. मात्र फिरतीवरच्या माणसाला ज्याचे खरे अप्रूप, तो लाउंजचा प्रवेश आणि नाश्ता मॅरियटमध्ये 50 रात्रींनंतर, तर हयातमध्ये 60 रात्रींनंतर नियमाने मिळू लागतो. त्यामुळे आपण पायरीमागे न धावता पॉइंटची किंमत तपासावी, असे आमचे मत आहे.

अकोरचा हिशेब सोपा आहे. नोव्होटेलसारख्या हॉटेलात 10 युरो खर्चामागे 25 पॉइंट मिळतात आणि 2,000 पॉइंटांचे 40 युरो वळते होतात. म्हणजे परतावा सरळ 5 टक्के, आणि याच समूहाच्या आयबिस हॉटेलांत त्याच्या निम्मा. मॅरियटमध्ये बहुतेक हॉटेलांत डॉलरमागे 10 पॉइंट मिळतात, परंतु 2022 पासून खोलीसाठी लागणारे पॉइंट मागणीनुसार बदलत असल्याने एका पॉइंटची किंमत प्रत्येक वेळी स्वतःच काढावी लागते. समजा, एखादी खोली करांसह 9,000 रुपयांना किंवा 15,000 पॉइंटांना मिळत असेल, तर पॉइंट 60 पैशांचा झाला आणि डॉलरमागे सहा रुपये परत आले. करांसह दर धरणे येथे महत्त्वाचे, कारण जीएसटी विसरून केलेल्या हिशेबात पॉइंट उगीच स्वस्त दिसतो.

तिन्ही शहरांत मॅरियट समूहाचे कोर्टयार्ड हॉटेल असल्याने आपल्या बाबतीत मॅरियट सोयीचे पडेल. अर्थात, कारखान्यापासून तासभर दूर राहून पॉइंट जमवणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होय.

या सगळ्याआधी कंपनीचा ट्रॅव्हल डेस्क बुकिंग कोठून करतो, ते विचारून घ्यावे. प्रवास-संकेतस्थळांमार्फत केलेल्या आरक्षणावर सहसा ना पॉइंट मिळतात ना रात्री मोजल्या जातात. कंपनीने हॉटेलशी थेट ठरवलेल्या दरावर मात्र बहुधा दोन्ही मिळतात. खर्च कंपनीचा असल्याने पॉइंट स्वतःकडे ठेवण्याची मुभा आहे का, हेही नियमावलीत पाहावे.

साचलेले पॉइंट फार काळ पडू देऊ नयेत : मॅरियटमध्ये 24 महिने, तर अकोरमध्ये 365 दिवस खात्यात हालचाल झाली नाही, तर ते बाद होतात. मॅरियटमध्ये पॉइंटांवर सलग पाच रात्रींचे आरक्षण केल्यास चारच रात्रींचे पॉइंट वजा होतात. कुटुंबासह गोव्याला जायचे असल्यास डिसेंबरची गर्दी टाळून ही सवलत वापरावी.