कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशनमध्ये (एकमेकांना टेकून, ऐनवेळी सुचेल तसं नाचायचा प्रकार) स्टेप्स नसतात म्हणे, मग शिकवतात काय?

वजन द्यायला आणि घ्यायला, आणि त्याच्याही आधी न लागता पडायला. स्टीव्ह पॅक्स्टन या डान्सरने १९७२ मध्ये अमेरिकेत हे सुरू केलं, तो मर्स कनिंगहॅमच्या डान्स कंपनीत नाचलेला, वर आयकिडो ही जपानी मार्शल आर्ट शिकलेला, त्यामुळे लोळणं-पडणं यात आलंच. दोघं पाठीला पाठ टेकवतात, ती टेकलेली जागा सरकत सरकत खांद्यावर, कमरेवर जाते आणि मग कोण कोणाला नेतंय तेच कळेनासं होतं. उचलताना हातांनी खेचत नाहीत, गुडघे वाकवून आपली कंबर समोरच्याच्या खाली घालतात, म्हणून काडीपैलवानपण जाडजूड माणसाला पेलतो (मला आधी खोटंच वाटलेलं). जॅममध्ये, म्हणजे सगळे जमून मोकळेपणी नाचतात तेव्हा, म्युझिक बऱ्याचदा नसतंच. आणि हो, नको वाटलं तर मधेच सरळ बाजूला व्हायचं.