वाचकांचे प्रश्न : करणीची बाहुली आणि पंचनामा

प्रश्न : जांबोटीच्या जंगलात घडणारी कादंबरी लिहितोय. स्वीडन-नॉर्वेकडच्या थंड, उदास पोलीसकथा मला फार आवडतात, त्यात करणीची भीती मिसळायची आहे. पण भूत आलं की माझे पोलीस बिनकामाचे होतात. काय करावं? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : तपास एका पानापुरताही थांबवू नका. भीती न जुळणाऱ्या नोंदींतून येऊ द्या.

समजा, झाडाला खिळलेली काळी बाहुली आणि खाली प्रेत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 प्रमाणे फौजदार दंडाधिकाऱ्यांना कळवतो, परिसरातले किमान दोन प्रतिष्ठित पंच बोलावून प्रेताचा (इन्क्वेस्ट) पंचनामा करतो आणि अहवाल 24 तासांत पुढे पाठवतो. बाहुलीसमोर उभं राहून सही करायला गावातलं कोण येणार? घड्याळ मात्र चालूच आहे. या अडचणीवर आख्खं प्रकरण उभं राहतं.

जप्तीचं चित्रीकरण कलम 105 नुसार करावं लागतं, बहुधा मोबाइलवरच. पंचनाम्यात बाहुलीतल्या टाचण्या 7, चित्रीकरणातही 7, आणि बेळगावच्या प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळेत सील शाबूत असलेल्या पाकिटातून निघतात 9. अधिकाऱ्याने पहिला संशय घ्यावा तो आपल्याच हवालदारावर, मग सीलवर, मग मोजणीवर. हे तिन्ही रस्ते बंद झाल्यावरच वाचक अंधाराकडे वळतो. पुस्तक संपताना अशी एकच नोंद उघडी ठेवा. खून माणसानेच केलेला असू द्या.

लिंबावरचा लाल डाग कुंकू की रक्त? फेनॉल्फ्थॅलीनच्या चाचणीत लगेच गुलाबी रंग आला तर रक्ताची शक्यता. पण काही भाज्यांच्या रसानेही तो येतो. माणसाचं की जनावराचं, हे प्रयोगशाळाच सांगते. ओला नमुना प्लास्टिकमध्ये बांधला तर बुरशी आणि जिवाणू डीएनए नासवतात, म्हणून तो सावलीत वाळवून कागदी पाकिटात घालतात. जांबोटीच्या आषाढात तो वाळणार कुठे? घाईत प्लास्टिक वापरणारा शिपाई तिथे अगदी खरा वाटेल.

आणि कळकळीने सांगतो, खऱ्या देवस्थानाचं किंवा जातीचं नाव करणीशी जोडू नका. अशा संशयावरून माणसांनी मार खाल्ला आहे, जीवही गमावले आहेत.

प्रश्न : बर्फाऐवजी आपला पाऊस चालेल? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : वातावरणासाठी उत्तम, प्रेतासाठी नाही. स्वीडनच्या किरुनात डिसेंबरात कित्येक दिवस सूर्य उगवतच नाही आणि गोठलेलं प्रेत टिकतं, त्यामुळे मृत्यूची वेळ धूसर ठेवता येते. जांबोटीजवळच्या कणकुंबीला तसं होणार नाही. उघड्यावरच्या प्रेतावर माश्या काही तासांत अंडी घालतात, साधारण दिवसभरात अळ्या दिसतात. मुसळधार सरींत माश्या उडत नाहीत, तेवढाच काय तो उशीर. शरीराचा ताठरपणा सुमारे 12 तासांत पूर्ण होतो आणि आपल्या हवेत बहुधा दीड दिवसात ओसरतो. वेळ लपवायचीच असेल तर प्रेत ओल्या चिखलात पुरा. हवा कमी आणि ओल भरपूर असली की चरबीचा साबणासारखा पांढुरका थर बनतो, त्याला ॲडिपोसिअर म्हणतात. त्यामुळे चेहरा महिनोनमहिने ओळखू येऊ शकतो. यापेक्षा भयंकर दृश्य भुताकडूनही मिळणार नाही.

प्रश्न : प्रेत महाराष्ट्रातल्या चंदगडच्या हद्दीवर सापडलं तर तपास कुणाचा? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : तक्रार हद्द न पाहता कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने (झीरो एफआयआर) नोंदवता येते (त्याच संहितेचं कलम 173), मग ती हद्दीच्या ठाण्याकडे जाते. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात 2013 चा, कर्नाटकात 2017 चा; कर्नाटकातला लागू झाला जानेवारी 2020 मध्ये. स्वीडनमध्ये गंभीर गुन्ह्यात संशयित ठरला की तपासाची सूत्रं सरकारी वकिलाकडे जातात. इथे ती पोलिसांकडेच राहतात, म्हणून तिथल्या कथांतलं तपास चालवणाऱ्या वकिलाचं पात्र उचलू नका. कर्नाटकच्या बाजूला साक्षीदार मराठीत सांगतो, जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो आणि कलम 181 प्रमाणे त्यावर त्याची सही घेत नाहीत. कोर्टात तो ‘मी असं बोललोच नाही’ म्हणू शकतो, हे पहिल्याच जबाबाच्या वेळी पेरून ठेवा.