सकाळी गाडी सुरू व्हायला वेळ का लागतो?

प्रश्न : माझी 9 वर्षांची पेट्रोल गाडी सकाळी बराच वेळ स्टार्टर फिरवल्यावरच सुरू होते, नंतर मुलुंडहून दादरपर्यंत सुरळीत चालते. मेकॅनिक इंधनपंप बदला म्हणतात. बदलावा का?

उत्तर : तपासणीआधी बदलू नये. पंप अशक्त असता, तर पूर्व द्रुतगती मार्गावर वेग घेताना किंवा उड्डाणपुलाच्या चढावर गाडी बहुधा अडखळली असती. तुमच्या गाडीत रात्रभरात इंधनवाहिनीतील दाब उतरत असावा. सकाळी स्टार्टर न फिरवता चावी ‘ऑन’ करा, पंपाची दोनेक सेकंदांची घरघर थांबली की बंद करा, आणि असे तीनदा करून मग गाडी सुरू करा. ती चटकन सुरू झाली, तर दाब उतरत असल्याचा संशय बळावतो. त्यानंतर प्रेशर गेज लावून, इंजिन बंद केल्यावर काटा किती वेगाने खाली येतो हे आपल्यासमोर पाहण्याचा आग्रह धरा. दाब पंपातील एकदिशा झडपेतून (जी पेट्रोल मागे येऊ देत नाही), दाब राखणाऱ्या रेग्युलेटरमधून किंवा इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) ठिबकत असल्यास त्यातून उतरू शकतो; सुरू होताना काळा धूर आणि पेट्रोलचा वास आला, तर इंजेक्टर आधी तपासावा. झडप बहुधा पंपासोबतच येत असल्याने मेकॅनिकचे म्हणणे खरेही ठरेल, पण खर्च पुराव्यानंतरच करावा. बॉनेटखाली पेट्रोल ओघळताना दिसले, तर मात्र गाडी मुळीच सुरू करू नका.