वाचक विचारतात : गुजराती आली आणि निम्मा माल गायब

प्रश्न : आमच्या भांड्यांच्या दुकानाची वेबसाइट मराठी, हिंदी आणि इंग्रजीत आहे. बटणांची भाषांतरं गेटटेक्स्टमध्ये (वेबसाइटची भाषांतरं सांभाळणारं सॉफ्टवेअर), वस्तूंची नावं डेटाबेसात वेगळ्या टेबलात. गुजराती जोडली, तर त्या भाषेत निम्मा माल दिसेनासा झाला. नावंही गेटटेक्स्टमध्येच टाकू का?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : नको. गेटटेक्स्टचं अवजार कोडमध्ये लिहिलेली वाक्यं वेचतं, डेटाबेसातलं त्याला दिसतच नाही. नवी कढई आली की दर वेळी पीओ फाइल, म्हणजे गेटटेक्स्टची भाषांतरांची फाइल, बदलत बसणार का? शिवाय एखादं वर्णन कोरं असेल, तर कोऱ्या मजकुराच्या बदल्यात गेटटेक्स्ट फाइलचा हेडर, म्हणजे तिच्या सुरुवातीची माहिती, परत देतं. मग कढईच्या फोटोखाली भाषांतरकाराचं नाव आणि ईमेल झळकतं!

तुमची मांडणी योग्यच आहे. भाव, साठा, फोटो मूळ टेबलात. नाव आणि वर्णन भाषांतराच्या टेबलात. तिथे वस्तू क्रमांक आणि भाषा मिळून प्रायमरी की, म्हणजे ओळीची एकमेव ओळख. घोळ क्वेरीत, म्हणजे डेटाबेसाकडून माहिती मागवणाऱ्या आज्ञेत, असणार. दोन टेबलं साध्या जॉइनने जोडली असतील तर गुजराती ओळ नसलेली वस्तू गळते, म्हणून जोडीची ओळ नसली तरी वस्तू ठेवणारा लेफ्ट जॉइन लावा. तो आधीच असेल तर भाषेची अट कुठे लिहिलीय ते पाहा. ती निकाल गाळणाऱ्या 'व्हेअर'मध्ये असली तर लेफ्ट जॉइन असून नसल्यासारखा : न सापडलेल्या ओळीत भाषा नल (काहीच नाही) असते आणि ही अट तिला पुन्हा गाळून टाकते. अट टेबलं जोडणाऱ्या 'ऑन'मध्ये हवी. मग तेच टेबल मराठीसाठी दुसऱ्यांदा जोडा आणि कोअलेस या फंक्शनने आधी गुजराती, ते नसेल तर मराठी नाव घ्या.

एक मेख आहे. कोअलेसला फक्त नल कळतं. ॲडमिनमध्ये नावाची चौकट रिकामीच सेव्ह झाली असेल, तर ती रिकामी स्ट्रिंगच नाव म्हणून पुढे जाते. क्वेरीत रिकाम्याचं नल करणारं नलइफ लावता येतं. पण सेव्ह करतानाच रिकाम्याचं नल केलेलं बरं.

प्रश्न : यादीत 'दोऱ्या' आहेत, पण शोधल्यावर सापडत नाहीत.
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : 'ऱ्य' दोन तऱ्हांनी टाइप होतो : ऱ, हलन्त, य, किंवा र, हलन्त, झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह), य. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण साठवलेली अक्षरं वेगळी. युनिकोडच्या एनएफसी नॉर्मलायझेशननेही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याची पद्धत) ती एक होत नाहीत. सेव्ह करताना आणि शोधतानाही दुसऱ्या तऱ्हेचं पहिल्या तऱ्हेत रूपांतर करा. नुसता जॉइनर पुसू नका, 'दोऱ्या'च्या 'दोर्या' होतील.