‘तसंच असतं’ म्हणू नकोस

प्रिय पोरी,

रविवारी तू घरी आलीस, बोलता बोलता डोळे भरून आले तुझे आणि चहा तसाच निवला. खारघरच्या क्लासमधल्या त्या कोरियन बाईंनी विचारलं, ‘ही इज’, ‘शी इज’, मग समोरच्या एकट्या माणसाला ‘यू आर’ का? तू म्हणालीस, “इंग्रजीत तसंच असतं.” आणि आता तुला वाटतंय, आपण शिकवायच्या लायकीचेच नाही. लायकीचं राहू दे. ते वाक्य सोड. शिक्षकाने “तसंच असतं” म्हणायचं नाही.

अगं, उत्तर तुझ्या तोंडातच होतं! दारात पाऊल टाकताना “बाई, कशा आहात?” म्हणालीस ना? मी तर एकटीच. इंग्रजीतही पूर्वी एकाला ‘दाउ’ होतं, ‘दाउ आर्ट’. अनेकांना ‘यी’ आणि ‘यू’. तेराव्या शतकापासून, फ्रेंचांचं बघून, वडीलधाऱ्या, मानाच्या माणसाला अनेकवचन लावायला लागले. मान देता देता सगळेच ‘यू’ झाले, सतराव्या शतकात ‘दाउ’ प्रमाण बोलीतून उठलं, क्रियापद मात्र अनेकवचनीच राहिलं. कोरियनमध्ये तर मानाप्रमाणे क्रियापदाचं रूप बदलतं. त्या बाईंना हे चटकन कळलं असतं.

“तीन महिन्यांत बोलतं करायचंय, इतिहासाला वेळ कुठला?” असं क्लासवाले म्हणतात म्हणे. दोन मिनिटं लागतात! हजेरीला जास्त जातात.

मी एवढी चिडते त्याला कारण आहे. ठाण्यात शिकवायला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी सातवीतल्या एका मुलाने ‘डेट’, म्हणजे कर्ज, या शब्दाचं स्पेलिंग ‘बी’ न घालता लिहिलं. मी गुण कापला. त्याने उभं राहून विचारलं, “बाई, बी ऐकूच येत नाही, मग का लिहायचा?” मी म्हणाले, “तसंच असतं, पाठ कर.” तो बसला. वर्षभर परत हात वर केला नाही त्याने.

पुढे मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून वाचताना कळलं, की तो शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हताच. विद्वानांनी लॅटिन ‘डेबिटम’शी नातं दिसावं म्हणून तो नंतर घुसवला. उच्चारात तो कधी आलाच नाही. म्हणजे पोराचा कान बरोबर होता, आणि गुण मी कापला. वर्गात साठ मुलं, पस्तीस मिनिटांचा तास, पोर्शन संपवायचा. आळस नव्हता गं माझा. मला माहीत नव्हतं, हे खरं. पण “माहीत नाही, उद्या बघून सांगते” एवढं म्हणायला कुणी अडवलं होतं?

‘नाइफ’मधला ‘के’ विचारतील, तेव्हाही तेच. तो ‘के’ पूर्वी बोलत असत. इंग्लंडात कॅक्स्टन नावाच्या मुद्रकाने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, पुढे छपाईबरोबर स्पेलिंग बसत गेलं, पण जिभा बदलतच राहिल्या. सतराव्या शतकाच्या सुमारास ‘के’ बोलण्यातून गेला, कागदावर राहिला. तसंच नसतं. तसं झालेलं असतं.

आणि तो येमेनचा मुलगा ‘पार्किंग’ला ‘बार्किंग’ म्हणतो, त्याला नुसतं “नीट म्हण” म्हणू नकोस. अरबीत ‘प’ नाही. त्यात तुझा मराठी ‘प’ त्याच्या कामाचा नाही, कारण शब्दाच्या सुरुवातीच्या इंग्रजी ‘पी’ला हवेचा झोत लागतो, आपल्या ‘प’ला नाही. ओठांसमोर कागदाची पट्टी धर. ‘पी’ला हलली पाहिजे, ‘बी’ला जवळपास नाही. आधी स्वतः आरशासमोर करून बघ.

सोमवारी त्या कोरियन बाईंना ‘दाउ’चं सांग. चुकलं होतं, असं आधी सांग, मग सांग. आणि आठवड्यात जे जे प्रश्न अडतील ते वहीत लिहून रविवारी घेऊन ये. या वेळी चहा गरम असताना पी.

तुझ्या बाई