'सलनली' म्हणजे खिन्नपणे नव्हे

'ही आन्सर्ड सलनली' (He answered sullenly) याचं मराठी 'त्याने खिन्नपणे उत्तर दिले' असं केलं तर चालेल का, हा तुमचा प्रश्न. अजिबात चालणार नाही. अनुवादांत आणि सबटायटल्समध्ये हे 'खिन्नपणे' इतक्यांदा भेटतं, की आता संताप येतो. खिन्न माणसाच्या शेजारी जाऊन बसता येतं. सलन (sullen) माणूस तुम्हाला जवळ फिरकू देत नाही.

माझ्या भाच्याचा मोबाइल काढून घेतला, की तो रडत नाही, भांडत नाही. हाक मारली की जेवायला येतो, आमटी नको म्हणतो, मान खाली घालून कोरडा भात चिवडत राहतो. चार प्रश्न विचारा, चारही वेळा 'हं'. हे सलनली.

शब्दाचं मूळ तर फारच सुंदर आहे. लॅटिन 'सोलुस' म्हणजे एकटा. 'सोलो' त्याच घरातला. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत 'सोलेन' होऊन आला तेव्हा त्यात रुसवाफुगवा नव्हताच. चौदाव्या शतकात इंग्रजी कवी चॉसरने 'द बुक ऑफ द डचेस' या कवितेत एका स्त्रीला अरबस्तानचा 'सोलेन' फिनिक्स पक्षी म्हटलंय. फिनिक्स जगात एकच असतो अशी समजूत. म्हणजे तिच्यासारखी तीच! पुढे एकमेवचा एकटा झाला, एकट्याचा माणूसघाणा झाला आणि माणूसघाण्याचा तोंड फुगवून बसणारा.

आता आपला 'एकलकोंडा' बघा. नुसत्या 'एकल'मध्ये काही वावगं नाही, पण 'एकलकोंडा' म्हणताना कपाळाला आठी पडतेच. दोन भाषा, वाट एकच! म्हणून माझं ठाम मत आहे, की सलनचं मराठी शोधायला इथूनच निघावं. स्वभावच तसा असेल तर एकलकोंडा, घुमा. तेवढ्यापुरता असेल तर फुरंगटलेला.

काही जाणकार सलनला 'सल्क'चा (sulk, म्हणजे रुसून बसणं) भाऊ ठरवतात. नुसत्या उच्चाराच्या साम्यावर नाती जुळवायची ही सवय वाईट. 'सल्क', 'सल्की' इंग्रजीत दिसू लागतात ती अठराव्या शतकात. सोलेन तेव्हा चारशे वर्षांचा जुना होता.

आभाळही सलन असतं. तिथेही 'उदास आभाळ' लिहू नका. बरसत नाही आणि हटतही नाही, अशा आभाळाला आपल्याकडे 'कुंद' म्हणतात.

आणि हो, तुमचं वाक्य: 'त्याने घुश्शातच तुटक उत्तर दिलं.'