तिसरा पक्ष जोर धरू लागला तर राष्ट्रीय निवडणुकीचं चित्र किती बदलतं?

बरंच बदलतं, मग त्याला स्वतःला जागा मिळोत न मिळोत. ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी, या पद्धतीत मतं किती पडली यापेक्षा ती कुठे पडली आणि कोणाची फुटली हे महत्त्वाचं. ब्रिटनची २०२४ ची निवडणूक बघा. उजव्या विचारांच्या रिफॉर्म यूके या नव्या पक्षाला १४ टक्के मतं, जागा फक्त ५. लिबरल डेमोक्रॅट्सना १२ टक्केच, पण जागा ७२! त्यांची मतं मोजक्या मतदारसंघांत एकवटलेली, रिफॉर्मची देशभर विखुरलेली. तरी रिफॉर्मने हुजूर (कन्झर्व्हेटिव्ह) पक्षाची मतं एवढी खाल्ली की मजूर (लेबर) पक्षाने जेमतेम ३४ टक्क्यांवर ४११ जागा खिशात घातल्या. (गंमत म्हणजे मजूर पक्षाची एकूण मतं २०१९ पेक्षा घटली होती.)

कधी कधी जुना पक्षच कोसळतो. कॅनडात १९९३ मध्ये सत्ताधारी प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह थेट २ जागांवर आले, आणि देशाच्या पश्चिम भागातून उगवलेल्या रिफॉर्म पार्टीने ५२ जिंकल्या. मतांच्या प्रमाणात जागा देणाऱ्या देशांत मात्र मतविभाजनाची भीती फारशी नसते. तिथे खरी चुरस निकालानंतर, आघाडी जुळवताना.